लेंकरांच्या चालीनें

(उत्पत्ति, अध्याय ३३, वचनें १३ व १४)

वीस वर्षांच्या वियोगानंतर याकोब व एसाव हे दोघे भाऊ यब्बोक नदीजवळ भेटले. एसावाबरोबर चारशें माणसें होतीं. तीं सर्व चालण्यांत तरबेज, मागें कोणी रडणारें नाहीं, कडेवर कोणी घ्यावयाचें नाहीं. गळ्यांत गळा घालून रडणें झाल्यावर एसावानें भावास सहज सुचविलें कीं, आतां आपण बरोबरच वाट चालूं. तेव्हां याकोबानें जें उत्तर दिलें तें ह्या दोन वचनांत आहे. वाचकांनीं तें आपापल्या पवित्र शास्त्रांत उघडून पाहावें. त्याचा आशय असा कीं, मुलें कोंवळीं आहेत, पाजत्या मेंढ्या व गाई बरोबर आहेत. ह्यांना एक दिवस जरी दामटलें तरी कळपच्या कळप हातचा जाईल. यास्तव धन्यानें पुढें व्हावें, आपण मुलांना व गुरांना झेपेल अशा चालीनें हळूहळू मागून येऊं.

कित्येक टीकाकार म्हणतात कीं ही निव्वळ सबब होती, कारण याकोब पुढें सेईरास गेलाच नाहीं, सुक्कोथाकडे वळला. असेलही, सबबी शोधण्यांत याकोब लहानपणापासून हुशार होता. परंतु सबब पटावयाची तर तिच्यांत कांहीं तरी खरें असावें लागतें, आणि एसावासारख्या रानांत हिंडणाऱ्या शिकाऱ्यानें ती ऐकतांच मान्य केली, ह्यावरून तिच्यांत खरें किती होतें तें दिसतें. हिशेब करून पाहिला तर त्या दिवशीं तांड्यांत किती लहान मुलें होतीं हें कळतें. लाबानाच्या घरीं याकोबानें वीस वर्षें काढलीं. पहिलीं सात संपल्यावर लेआ त्याला मिळाली. म्हणजे सर्वांत थोरला रऊबेन फार तर बारा वर्षांचा. योसेफ चौदा वर्षें भरण्याच्या सुमारास जन्मला, म्हणजे तो सहांच्या आसपास. बाकीचे नऊ मुलगे व दीना हीं सारीं ह्या दोन वयांच्या मध्यें. अशीं बारा लेंकरें बरोबर असलेल्या बापास ‘एक दिवस’ म्हणजे काय हें कोणी शिकवावें लागत नाहीं.

प्रिय वाचकहो, ह्या ‘एक दिवस’ शब्दांविषयीं आज आम्ही लिहीत आहों, ह्याचें कारण सांगतों. गेल्या जानेवारींत एका सभेच्या निमित्तानें आमचें राजस्थानांत जाणें झालें. मुलें व त्यांची आई बरोबर होतीं. सभा आटोपल्यावर एक दिवस मोकळा मिळाला, तो आम्हीं जैसलमेर शहराभोंवतालचें वाळवंट मुलांस दाखविण्यांत घालविला. थोरली नऊ वर्षांची, मधला सहांचा, धाकटी अडीच वर्षांची. आमच्या मनांत एक हेतु होता. आपण मराठी शास्त्रांत ‘रान’ किंवा ‘अरण्य’ हा शब्द शेंकडों वेळां वाचतों. इस्राएल लोक चाळीस वर्षें अरण्यांत राहिले. योहान अरण्यांत उपदेश करीत आला. प्रभु येशू चाळीस दिवस अरण्यांत होता. हा शब्द कानीं पडतांच आमच्या खेड्यांतील माणसाच्या डोळ्यांपुढें साग, पळस, करवंदीच्या जाळी व वाघ उभा राहतो. रविवारच्या शाळेंतील मुलांस आम्हीं एकदां अरण्याचें चित्र काढावयास सांगितलें होतें, तेव्हां एकूण एक पाट्यांवर झाडेंच झाडें निघालीं. शास्त्रांतील अरण्य तसें नव्हे. तेथें झाडाची सांवली ही लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. एलीया एका झुडुपाखालीं बसला हें म्हणूनच लिहिलें आहे.

थरचें वाळवंट सुमारें दोन लाख चौरस किलोमीटर आहे, आणि तें भारत व पाकिस्तान ह्या दोन्ही देशांत पसरलें आहे. जैसलमेरास वर्षाचा पाऊस सरासरीनें वीस सेंटीमीटरांच्या आसपास पडतो. आपण सोलापुराकडील मुलुखास दुष्काळी म्हणतों. तेथें ह्याच्या दुपटीहून अधिक पडतो. आणि लक्ष्यांत ठेवण्याजोगें हें कीं, अब्राहाम ज्या बैरशेबा येथें राहिला तेथेंही वर्षास साधारण एवढाच पाऊस होतो. तेव्हां ज्याला हागारेचें रान कसें होतें तें समजून घ्यावयाचें आहे, त्यानें समुद्र ओलांडलाच पाहिजे असें नाहीं. आपल्याच देशांत आगगाडीनें तेथवर जातां येतें.

जैसलमेर शहर रावळ जैसल ह्यानें ११५६ सालीं वसविलें. किल्ला पिंवळ्या दगडाचा असून त्यांत आजही लोक राहतात. शहराच्या भोंवतीं पाहावयाचीं स्थळें पुष्कळ आहेत, आणि मोटारवाला सकाळींच तीं बोटांवर मोजूं लागला: गडीसर तळें, अकल येथील दगडी झाडें, कुलधरा नांवाचें ओस गांव, खडीन, आणि सायंकाळीं सम येथील वाळूच्या टेकड्या. मुलांच्या आईनें त्याला मध्येंच थांबविलें व म्हटलें, “दादा, दोनच जागा. बाकीच्या राहूं द्या.” त्यानें आमच्याकडे पाहिलें. पैसे तेवढेच पडणार होते. आम्हीं मान हालविली.

पहिली जागा अकल. ती शहरापासून बाडमेरच्या वाटेवर सुमारें १७ किलोमीटरांवर आहे. तेथें उघड्या माळावर मोठालीं खोडें पडलेलीं आहेत, आणि तीं दगडाचीं आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात कीं हीं सुमारें १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचीं खोडें होत. जमिनींत गाडलीं जाऊन, लांकडाच्या जागीं हळूहळू खनिज भरत जाऊन तीं पाषाण झालीं. त्या काळीं येथें उष्ण व दमट हवेचें अरण्य होतें. (वर्षांच्या ह्या आंकड्यानें कोणा उपदेशकबंधूचें मन गोंधळात पडूं नये. ज्याच्या दृष्टीनें हजार वर्षें कालच्या दिवसासारखीं आहेत असें मोशेनें आपल्या स्तोत्रांत म्हटलें, त्याला कोटींचा हिशेब जड नाहीं.) आमचा मधला तोंवर गाडींत कुरकुरत होता कीं, हें रान कसलें, ह्यांत झाडें कोठें आहेत? त्या खोडावर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला, आणि मग म्हणाला, “बाबा, झाडें आहेत, पण पाणी गेलें.” उपदेश करण्याचा मोह आम्हांस झाला, परंतु तितक्यांत धाकटीला वाळूंत एक काळा भुंगेरा दिसला, आणि पुढचा अर्धा तास त्या भुंगेऱ्याच्या मागें गेला.

हा अर्धा तास दुपारच्या कोणत्याही स्थळाहून मोलाचा होता असें आमचें मत आहे. मोठ्यांस देखावा पाहिजे असतो. दूरवर क्षितिज, सोनेरी वाळू, सूर्यास्त. अडीच वर्षांच्या मुलाचें क्षितिज दोन हातांवर असतें. तें भुंगेरा पाहतें, बकरीची लेंडी पाहतें, आपल्याच पावलाचा ठसा पाहतें व पुनः त्यावर पाय ठेवून पाहतें. त्याला ओढून किल्ल्याचा बुरूज दाखविला तर त्यानें वाळवंटही पाहिलें नाहीं व किल्लाही नाहीं असें होतें.

दुपारीं अकरापासून तिनापर्यंत आम्ही मुक्कामाच्या ठिकाणीं सांवलींत राहिलों. जानेवारींतही तेथील दुपारचें ऊन डोळ्यांस झोंबतें, आणि उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्या दिवसांत तर लहान मुलांस घेऊन वाळूंत जाऊंच नये. आमच्याच मुक्कामीं दुसरें एक कुटुंब उतरलें होतें, तेंही दोन मुलांसह. त्यांनीं त्या एका दिवसांत पांच स्थळें केलीं. सायंकाळीं सम येथें त्यांची गाडी आमच्या शेजारीं येऊन थांबली. बाप उतरून टेकडीवर गेला. थोरल्या मुलास ओकारी झाली होती, त्याचें डोकें आईच्या मांडीवर होतें. धाकटें झोंपलें होतें. सूर्य मावळला तो त्यांतील कोणीच पाहिला नाहीं, एक बाप सोडून. तो गृहस्थ वाईट नव्हता. त्यानें मुलांसाठींच पैसा खर्च केला होता, व मुलांस सर्व कांहीं दाखवावें हीच त्याची इच्छा होती. फक्त तो एसावाच्या माणसांच्या चालीनें चालला.

सम हें शहराच्या पश्चिमेस सुमारें ४० किलोमीटरांवर आहे. तेथें उंटावर बसवितात. उंट उठतांना मागचे पाय आधीं उचलतो, त्यामुळें बसणारा एकदम पुढें कलतो. म्हणून धाकटीला आम्हीं बसविलें नाहीं, थोरली दोरी घट्ट धरून बसली. सूर्य गेल्याबरोबर वाळू पाहतां पाहतां थंड होते, आणि हिवाळ्यांतील रात्रीं पारा सातआठ अंशांपर्यंत उतरतो. दिवसां टोपी व रात्रीं लोंकरीची बंडी असें दोन्ही बरोबर ठेवावें लागतें. परततांना दोन्ही लहान मुलें चालेनात. एक आईच्या कडेवर, एक आमच्या खांद्यावर. वाळूंत पाय रुततो, ओझ्यानें अधिकच रुततो. अनुवादाच्या पहिल्या अध्यायांत मोशे लोकांस आठवण देतो कीं, अरण्यांतल्या सगळ्या वाटेनें परमेश्वरानें तुम्हांस असें वाहून आणिलें, जसा बाप आपल्या मुलास वाहतो. हें वचन आम्हीं अनेक वेळां व्यासपीठावरून वाचलें आहे. परंतु त्यांत बापाचे पाय किती रुतले असतील ह्याचा विचार त्या टेकडीवर आम्हांस सुचला.

आतां मोशेचें नांव आलें आहे तर त्याच्या तांड्याकडेही पाहूं. निर्गमाच्या दहाव्या अध्यायांत फारोनें मोशेला विचारलें कीं, अरण्यांत उपासना करावयास कोण कोण जाणार? मोशे म्हणाला कीं, लहान व म्हातारे, मुलगे व मुली, सर्व जाणार. फारो म्हणाला, पुरुषांनीं जावें, बस्स. हा राजा मूर्ख नव्हता. मुलें मिसरांत राहिलीं तर बाप किती दिवस बाहेर राहतील हें तो जाणून होता. मोशेनें तें मानलें नाहीं. पुढें गणनेच्या चौदाव्या अध्यायांत हेर परत आल्यावर हेच बाप रडूं लागले कीं आमचीं मुलें लुटीस जातील. तेव्हां देवाचा निकाल असा झाला कीं, ज्या मुलांविषयीं तुम्हीं रडलां तींच देशांत जातील, आणि वीस वर्षांच्या वरचे तुम्ही, यहोशवा व कालेब वगळून, ह्याच रानांत पडाल. म्हणजे तो सारा चाळीस वर्षांचा प्रवास खरें पाहतां मुलांचा होता. आणि त्याची चाल कशी होती? नवव्या अध्यायांत लिहिलें आहे कीं, मेघ कधीं दोन दिवस थांबे, कधीं महिना, कधीं वर्ष. तो थांबला म्हणजे छावणीही थांबे. इतक्या लेंकरांच्या, म्हाताऱ्यांच्या व पाजत्या गुरांच्या छावणीस दुसरी चाल चाललीही नसती.

ह्यावर आमच्या खेड्यापाड्यांतील बंधूंस दोन शब्द लिहावेसे वाटतात. तुमच्यापैकीं पुष्कळांस जैसलमेर पाहण्याचा योग येणार नाहीं. परंतु बीडाकडील व आसपासच्या जिल्ह्यांतील किती तरी कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात, तान्हीं मुलें बरोबर घेऊन. तीं कोप्यांत राहतात, व मुलें फडाच्या बांधावर, पाचटाच्या ढिगाजवळ वाढतात. त्यांचें अरण्य तेंच. तेथें कोणी उपदेशक भेटीस गेला व बापाशीं तासभर बोलून, मुलाला कडेवर न घेतां, त्याचें नांव न विचारतां परत आला, तर त्यानें फारोचाच हुकूम पाळला. आमच्या कित्येक मंडळ्यांत रविवारीं पुरुष पुढें बसतात, आई रडणाऱ्या मुलाला घेऊन दाराबाहेर उभी राहते, आणि उपदेशक दीड तास बोलतो. त्या आईला आंत बोलवावें. मूल रडलें तर उपदेश थोडा आंखडावा. आणि रविवारच्या शाळेंत एका महिन्यांत दहा स्तोत्रें पाठ करवून पाहुण्या साहेबांपुढें म्हणून दाखविण्याची जी आपल्यांत हौस आहे, तिच्याविषयीं आम्ही एवढेंच म्हणतों कीं याकोबानें मेंढ्यासुद्धां तशा हांकल्या नाहींत.

एक गोष्ट राहिली, आणि ती सर्वांत मोठी आहे: पाणी. आम्हीं त्या दिवशीं पांच जणांमागें पंधरा लिटर पाणी गाडींत घेतलें होतें व घरीं येईपर्यंत त्यांतील बहुतेक संपलें. मूल आपण होऊन पाणी मागेल ह्यावर विसंबूं नये. खेळांत त्याला तहानेचें भान राहत नाहीं. त्याच्या वजनाच्या मानानें त्याची कातडी अधिक असते, म्हणून बाहेरचें ऊन तें मोठ्यापेक्षां लवकर घेतें, आणि त्याला घाम कमी येतो. तोंड कोरडें पडलें, रडतांना आंसवें येत नाहींत, लघवी फार वेळ झाली नाहीं, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलें, हीं चिन्हें दिसलीं कीं देखावा तेथेंच सोडावा. एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून तें घोट घोट पाजावें, आणि दवाखान्याची वाट धरावी. मीठ अधिक झालें तर अपाय होतो. चाखून पाहावें, आंसवांहून खारट लागूं नये. उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत मुलाला क्षणभरही ठेवूं नये. ह्या सूचना वाळवंटापुरत्या नाहींत. एप्रिलांत बाजारास जाणाऱ्या आईनेंही त्या ध्यानांत धराव्या.

त्या मुलुखांतील लोक पाण्यास किती जपतात हें पाहून आम्ही थक्क झालों. घराच्या अंगणांत जमिनीखालीं टांकें असतें, त्यांत पावसाचें पाणी सांठवितात. पालीवाल ब्राह्मणांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं खडीन बांधण्याची रीत पाडली: उताराच्या तळाशीं मातीचा लांब बांध घालावयाचा, पावसाचें पाणी तेथें अडून जमिनींत मुरतें, आणि मग त्या ओलीवर गहूं व हरभरा पिकतो. १९५८ सालीं काम सुरू झालेल्या कालव्यानें, ज्याला आज इंदिरा गांधी कालवा म्हणतात, हिमालयांतून येणाऱ्या नद्यांचें पाणी ह्या जिल्ह्यांत आलें आहे. तरी टांकें लोकांनीं बुजविलीं नाहींत. आणि बेरी म्हणून एक अरुंद विहीर असते. कित्येक ठिकाणीं वाळूखालीं खडीसारख्या जिप्समाचा थर असतो. त्याच्या खालचें पाणी खारें. पण पावसाचें जें गोडें पाणी वाळूंत मुरतें तें ह्या थरामुळें वरच अडून ओल होऊन राहतें. बेरी खणली म्हणजे ती ओल थेंब थेंब आंत झिरपते, रात्रभरांत एकदोन घागरी होतात. वरून पाहणाऱ्यास तेथें वाळूशिवाय कांहीं दिसत नाहीं. अनोळखी माणूस पाण्यापासून दहा हातांवर तहानेनें मरेल.

उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायांत हागार नेमकी अशीच बसली होती. अब्राहामानें पहांटेस भाकर व पाण्याची एक मसक तिच्या खांद्यावर देऊन तिला मुलासह वाटेस लावलें. बैरशेबाच्या रानांत ती भटकली व पाणी संपलें. चित्रांतून इश्माएल तान्हा दाखवितात, पण तो त्या वेळीं निदान चौदा वर्षांचा होता. तरी आईच्या आधीं तोच गळाला. तिनें त्याला एका झुडुपाखालीं टाकलें व बाणाच्या टप्प्याएवढी दूर जाऊन बसली, कारण मुलाचें मरण तिला पाहवेना. देवानें आईचें रडणें ऐकलें असें आपण समजतों. शास्त्रांत लिहिलें आहे तें मुलाचा आवाज ऐकल्याचें. दूतानें तिला सांगितलें कीं ऊठ, मुलाला उचल, त्याला हातानें धर. विहीर दिसली ती ह्यानंतर. देवानें त्या घटकेस नवी विहीर खणली असें तेथें म्हटलेलें नाहीं, तिचे डोळे उघडले एवढेंच म्हटलें आहे. विहीर कोणा तरी धनगरानें पूर्वींच खणून ठेविली असावी.

मग ती गेली, तिनें मसक भरली, आणि मुलाला पाजलें. ती स्वतः केव्हां प्याली हें लिहिलेलें नाहीं. मुलगा वांचला, त्याच रानांत वाढला, तिरंदाज झाला, आणि पारानाच्या अरण्यांत घर करून राहिला; पुढें आईनें मिसर देशांतील मुलगी पाहून त्याचें लग्न करून दिलें.